नव्याचें तोरण आणि पाखरांचा वाटा

आश्विन महिना लागला म्हणजे सावित्री आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांतील हळवीं भातें पिवळीं पडूं लागतात. वरंध, माझेरी, बिरवाडी या बाजूस आणि पलीकडे पोलादपूर तालुक्यांत डोंगरउतारावरील नाचणी व वरी यांचीं कणसेंही याच सुमारास भरून येतात. कोकणांत पुष्कळ ठिकाणीं दसऱ्यास किंवा आश्विनी पौर्णिमेस, म्हणजे नवान्न पौर्णिमेस, 'नवें' बांधण्याची चाल आहे. भाताच्या चार लोंब्या, नाचणीचें व वरीचें कणीस, आंब्याचें पान, कुरडूचें व झेंडूचें फूल यांची जुडी करून ती दारावर, तुळशीवृंदावनास, कणगीस, नांगरास व विहिरीस बांधितात. पुढें ही जुडी वाळते आणि चिमण्या एक एक दाणा टिपून तिचा काडीकचरा करून टाकतात. घरांतील कोणी त्यांस हुसकीत नाहीं.

या जुन्या चालीचाच थोडा विस्तार करून सणाच्या दिवसांत पाखरांसाठीं मुद्दाम धान्याचें तोरण कसें करावें, तें केव्हां व कोठें लावावें, आणि त्यांत कोणत्या गोष्टी पाखरांच्या जिवावर बेततात, हें या लेखांत सांगावयाचें आहे. विषय लहान वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या अंगणांतील चिमणी पुढें टिकावी कीं नाहीं, असा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

सांडणारा वाटा व द्यावयाचा वाटा

आपल्या जुन्या शेतींत पाखरांचा वाटा कोणी मोजून देत नसे. तो आपोआप सांडत असे. भात कापून उडव्या रचल्या जात, खळ्यावर झोडणी व मळणी होई, वारवणी होई, आणि प्रत्येक कामांत मूठ-पसा दाणा जमिनीवर पडे. घरांत कणगी असे, अंगणांत भात वाळत असे, ओटीवर सुपांतून तांदूळ पाखडला जाई. कौलारू घराच्या वळचणीस, भिंतीच्या भोंकांत आणि देवादिकांच्या तसबिरींमागें चिमणीचें घरटें ठरलेलें असे. खाणें आणि बिऱ्हाड हीं दोन्ही तिला एकाच दारांत मिळत.

आतां पुष्कळ गांवीं हें सर्व पालटलें आहे. यंत्रानें मळणी होते आणि भात पोत्यांत भरून थेट गिरणीस जातें. कौलांच्या जागीं स्लॅब आली. तिला वळचण नाहीं. घरचे तरणे हात मुंबईस किंवा सुरतेस गेल्यामुळें डोंगरावरची नाचणी-वरी कमी झाली आणि कित्येक खाचरें पडीक राहिलीं. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. यंत्रानें श्रम वांचतात आणि पक्कें घर पावसांत सुख देतें. मात्र सांडणारा वाटा थांबला आहे हें आपण ध्यानांत घेतलें पाहिजे. आणि जो वाटा आपोआप जात होता तो आतां जाणून-बुजून हातानें दिला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. चिमणी कमी होत असल्याची हांक आपल्याच महाराष्ट्रांतून, नाशिकच्या एका निसर्गप्रेमी संस्थेकडून उठली, आणि २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जगांत चिमणी दिन म्हणून पाळला जातो.

चोरास आमंत्रण काय?

यावर आमचे शेतकरी बंधु विचारतील कीं, ज्या पाखरांस हाकलण्यासाठीं आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवितों, डबे वाजवितों, बुजगावणीं उभीं करितों, त्यांसच दारीं बोलावून जेवूं घालावें काय? प्रश्न रास्त आहे. दुधांत आलेल्या भातावर मुनियांचा थवा उतरला म्हणजे काय होतें हें ज्याच्या शेतावर तो उतरतो त्यासच ठाऊक. पिकाची राखण हा शेतकऱ्याचा धर्मच आहे, आणि ती सोडावी असें आम्ही सांगत नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चिमणी व सुगरण हीं पाखरें स्वतः धान्य खातात खरीं. पण आपल्या पिलांस कोंवळेपणीं अळ्या, नाकतोडे व इतर किडे भरवितात. मुनियेसारखीं थोडीं पाखरें सोडल्यास अंगणांत येणाऱ्या बहुतेक लहान पक्ष्यांची रीति अशीच आहे. सुगरणीची वीण पावसाळ्यांत होते, म्हणजे ज्या दिवसांत आपल्या भातावर किडीचा जोर असतो नेमक्या त्याच दिवसांत. या पक्ष्याचा नामांकित अभ्यास आपल्याच रायगड जिल्ह्यांत झाला आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं १९३० सालच्या पावसाळ्यांत अलिबाग तालुक्यांतील किहीम येथें सुगरणीच्या वसाहतीवर बारकाईनें नजर ठेविली. एकच नर एकामागून एक घरटीं विणीत जातो आणि प्रत्येक घरटें नव्या मादीस देतो, हें त्यांनीं तेथें पाहून जगापुढें मांडिलें.

हिशेबाची ही दुसरी बाजू न पाहतां पाखरें मारिलीं तर काय होतें, याचा दाखला चीन देशांत घडला. तेथें १९५८ सालीं उंदीर, माशी व डांस यांच्याबरोबर चिमणीसही शेतीचा शत्रु ठरवून देशभर मोहीम केली. थाळ्या व डबे बडवून पाखरांस बसूं न देतां थकवून मारिलें, घरटीं मोडिलीं. पाखरें गेलीं आणि पिकांवर कीड माजली. पुढील भयंकर दुष्काळाच्या कारणांत हेंही एक कारण झालें. शेवटीं १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढून तेथें ढेंकणाचें घालावें लागलें.

तेव्हां उभ्या पिकावर गोफण आणि कापणीनंतर दारीं तोरण, या दोहोंत विरोध नाहीं. धान्य आपण देऊं तेव्हां, आपण देऊं तेथें, आणि आपण ठरवूं तितकें पाखरांनीं घ्यावें, असा हा व्यवहार आहे.

तोरण केव्हां लावावें

नवें बांधण्याचा मुहूर्त दसऱ्याचा किंवा पौर्णिमेचा असला तरी पाखरांचें मोठें तोरण त्या दिवशीं लावूं नये. त्या वेळीं हळवें भात कापणीस आलेलें असतें, पण निमगरवें व गरवें शेतांत उभें असतें. अशा वेळीं थव्यांस गांवांत गोळा केलें तर शेजाऱ्याच्या खाचरावर संकट येईल. दसऱ्यास रूढीची लहान जुडी बांधावी; पाखरांचें तोरण मात्र वाडींतील शेवटचें खाचर कापून झाल्यावर, म्हणजे दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सोयीप्रमाणें लावावें. वरंधसारख्या डोंगराच्या कुशींतल्या गांवीं हळवीं-गरवीं खाचरें एकमेकांस लागून असतात. म्हणून वाडीनें मिळून एकच दिवस ठरविणें उत्तम.

दुसरी गोष्ट अशी कीं, कार्तिकांत पाखरांस खरी टंचाई नसते. कापल्या शेतांत व गवतांत बीं पुष्कळ असतें. टंचाई पडते ती फाल्गुनापासून पुढें. गवत वाळतें, कोठें वणवा लागतो, कोठें राब भाजले जातात, आणि जमिनीवर पडलेलें बीं त्यांत जळून जातें. यासाठीं जेवढ्या वेण्या कराल त्यांतील निम्म्या माळ्यावर कोरड्या जागीं, उंदीर पोहोंचणार नाहीं अशा टांगून ठेवाव्या आणि शिमग्यास व गुढीपाडव्यास बाहेर काढाव्या. दिवाळीचें तोरण शोभेचें, पाडव्याचें गरजेचें.

लोंब्यांची निवड

ज्या वाफ्यावर औषध मारिलेलें नाहीं त्या वाफ्यांतीलच लोंब्या घ्याव्या. मारिलें असल्यास कापणीपूर्वीं किती दिवस जाऊं द्यावे हें वेष्टनावर छापलेलें असतें. तो काळ पुरा झाल्यावांचून ती लोंबी पाखरांस देऊं नये, आणि माणसांनींही खाऊं नये. सर्वांत बरें म्हणजे शेताच्या कडेची एक लहान पट्टी या कामासाठीं अगोदरच औषधावांचून राखावी.

लोंबीचे बहुतेक दाणे पिवळे झाले म्हणजे सकाळीं दंव उडाल्यावर विळ्यानें वीतभर देठासह लोंब्या कापाव्या. फार पक्व लोंबीचे दाणे विणतांना झडतात. कापलेल्या लोंब्या दोन-तीन दिवस सावलींत पसरून वाळवाव्या. परतीच्या पावसांत भिजलेली, काळी पडलेली किंवा बुरशीचा वास येणारी लोंबी टाकून द्यावी. बुरशीचें विष लहान पाखरांस फार लवकर बाधतें. नाचणीचीं व वरीचीं कणसें अवश्य घ्यावीं. मुनियांस बारीक दाणा अधिक आवडतो, आणि नाचणीच्या मुठीसारख्या कणसानें तोरणासही शोभा येते. वरंध घाटापलीकडे सोयरीक असेल तर तेथून दिवाळीच्या सुमारास बाजरीचीं आणि पाडव्याच्या सुमारास रब्बी ज्वारीचीं कणसें मागवावीं.

विणण्याची कृति

शंभर लोंब्यांचें एक तोरण धरूं. लोंब्यांचे देठ तेवढे अर्धा तास ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे, म्हणजे ते मऊ होऊन मोडत नाहींत; दाण्यांस पाणी लागूं देऊं नये. चार चार लोंब्यांच्या पंचवीस जुड्या कराव्या. पहिल्या तीन जुड्यांचे देठ एकत्र बांधून वेणी घालूं लागावें आणि दर दोन बोटांच्या अंतरावर एक नवी जुडी वेणींत धरावी. लोंब्या सर्व एकाच अंगास लोंबत्या ठेवाव्या. अशा रीतीनें सुमारें दोन हात लांबीचें तोरण होतें. मधून मधून नाचणीचें कणीस व आंब्याचें पान गुंफावें. दोन्ही टोकांस फांसा करून केळीच्या सोपटाच्या, अंबाडीच्या किंवा काथ्याच्या दोरीनें बांधावें. खालच्या अंगास बोटभर जाडीची एक कामटी आडवी टांगली तर पाखरांस बसून खाण्यास आधार होतो.

नायलॉनचा दोरा, प्लास्टिकची सुतळी, कापलेल्या पतंगाचा मांजा, सोनेरी जर आणि बारीक तार हीं या कामीं मुळींच वापरूं नयेत. पाखराचा पाय दोऱ्याच्या वेढ्यांत अडकला म्हणजे तें जितकें फडफडतें तितका दोरा आवळतो, आणि पाय तुटतो किंवा प्राण जातो. बाजारांत मिळणारीं रंगीत तोरणें पाखरांस देऊं नयेत. रंग कसला आहे हें आपणांस ठाऊक नसतें.

दाणा न खाणाऱ्या पाखरांसाठीं तोरणाशेजारीं पिकल्या पपईची किंवा केळ्याची फोड खुंटीस अडकवावी. बुलबुल, साळुंकी, तांबट व कोकीळ तिच्यावर येतात. फोड संध्याकाळीं काढून टाकावी, नाहीं तर मुंग्या लागतात. नारळाच्या दोन करवंट्या काथ्यानें टांगून त्यांत रोज ताजें पाणी भरावें. चैत्र-वैशाखांत धान्यापेक्षां या पाण्याचीच किंमत अधिक असते. दयाळ, शिंपी, नाचण हे पक्षी किडे खातात; त्यांच्यासाठीं परसांतील एका कोपऱ्यांत पालापाचोळा न जाळतां राहूं द्यावा, इतकें पुरे.

जागा

तोरण जमिनीपासून निदान पांच हात उंच असावें. जवळ एखादें झाड असावें, म्हणजे ससाणा आला तर पाखरांस आसरा मिळतो. परंतु मांजर दबा धरून बसेल असें झुडूप अगदीं खालीं नसावें. पाऊस-दंव लागणार नाहीं अशी पडवीची किंवा मांडवाची कड उत्तम. कांचेच्या मोठ्या खिडकीसमोर टांगूं नये. पाखरें कांचेवर आदळून मरतात. खालीं पडलेला कोंडा व दाणे रोज झाडून काढावे, नाहीं तर घरांत उंदीर येतात.

तोरण कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा जवळपास लावूं नये. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती, हें अनेकांच्या स्मरणांत असेल. रानपाखरांची विष्ठा कोंबड्यांच्या खाण्यांत पडूं नये ही काळजी नेहमींच घ्यावी. आणि साथीची वार्ता आली तर तोरण उतरवून ठेवावें.

परदेशची रीति आणि आपलें हवापाणी

सणास पाखरांना धान्य बांधण्याची चाल आपल्यापुरतीच नाहीं. नॉर्वे व स्वीडन या देशांत नाताळास ओट धान्याची सबंध पेंढी उंच काठीस किंवा छपरास बांधून ठेवितात. नॉर्वेतील या चालीचा उल्लेख अठराव्या शतकांतील ग्रंथांत मिळतो. तेथील जमीन त्या दिवसांत बर्फाखालीं गाडलेली असते, म्हणून ती पेंढी पाखरांस जीवदान ठरते. अमेरिकेंत कांहीं घरीं मक्याच्या लाह्यांच्या व आंबट फळांच्या माळा करून अंगणांतील झाडावर चढवितात, आणि चरबींत दाणे थिजवून त्याचे गोळे टांगतात.

यांतील पेंढी आपली आहेच. चरबीचे गोळे मात्र येथें करूं नयेत. थंड मुलुखांत चरबी घट्ट राहते व पाखरांस ऊब देते. आपल्या हवेंत ती वितळून खवट होते आणि पिसांस चिकटून त्यांची कांति व उपयोग घालविते. दुसऱ्याची रीति उचलतांना तिच्यामागचें हवामान पाहावें लागतें, हा धडा पिकांच्या बाबतींत आपण शिकलोंच आहों.

टाळावयाच्या गोष्टी

फराळाच्या दिवसांत उरलेली चकली, शेव, चिवडा पाखरांपुढें टाकण्याचा मोह होतो. मीठ लहान पाखरांस अपाय करितें. तळलेलें व खारट कांहींही घालूं नये. जुने, कुबट शेंगदाणे कधीं देऊं नयेत. पेरणीसाठीं औषध चोळलेलें रंगीत बियाणें उरलें तर तें पाखरांपुढें टाकणें म्हणजे विष घालणेंच होय. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाईड लावलेलें धान्य उघड्यावर ठेवूं नये. तें बिळांत घालून बीळ बुजवावें. दाणेदार कीटकनाशक बांधावर सांडूं देऊं नये, कारण पाखरें तें खडे किंवा बीं समजून टिपतात. तोरणानें जमलेलीं पाखरें धरण्याचा कोणी विचार करील तर त्यानें लक्षांत ठेवावें कीं, पोपट, मुनिया यांसारखे रानपक्षी पकडणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे.

खर्च किती?

शेवटीं शेतकऱ्याच्या मनांतला प्रश्न, कीं यांत जातें किती? एका चांगल्या लोंबींत सव्वाशें भरले दाणे धरले आणि हजार दाण्यांचें वजन २० ग्रॅम धरलें, तर एक लोंबी अडीच ग्रॅमची होते. शंभर लोंब्यांचें तोरण २५० ग्रॅमचें. एकरीं १० क्विंटल पीक धरल्यास गुंठ्यास २५ किलो पडतें. म्हणजे एक तोरण गुंठ्याच्या शंभराव्या हिश्शांत, सुमारें ११ चौरस फूट जागेंत पिकतें. दिवाळी, शिमगा व पाडवा मिळून चार तोरणें केलीं तरी किलोभर भात खर्ची पडतें. एवढें तर पूर्वीं खळ्याच्या कडेस नुसतें सांडत असे.

पाखरें लगेच येतील असें समजूं नये. नव्या वस्तूचा त्यांस संशय येतो, आणि आठवडाभर तोरण तसेंच राहिलें तरी निराश होऊं नये. बहुधा कावळा प्रथम येऊन पाहून जातो. घाटमाथ्याच्या किल्ल्यास कावळ्या म्हणणाऱ्या मुलखास त्याची ओळख निराळी करून देणें नको. त्याच्यामागून चिमण्या, मग होले व मुनिया येतात. पोपट आले तर लोंबी मुळापासून तोडून निम्मी जमिनीवर टाकतात. त्यांस दूर एखाद्या झाडावर मक्याचें कणीस बांधून द्यावें.

महाराष्ट्र शासनानें २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. पहिला दिवस अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या आणि शेवटचा सालिम अली यांच्या जन्माचा. कापणी त्या सुमारास उरकत आलेली असते आणि मुलांसही दिवाळीची सुटी पुष्कळदां याच दिवसांत असते. मुलांच्या हातीं विणकाम द्यावें, आणि कोणत्या तारखेस कोणतें पाखरूं तोरणावर आलें याचें टिपण त्यांच्याकडून ठेववावें. अशीं टिपणें चार-पांच वर्षें जमलीं तर आपल्या वाडींत चिमणी वाढते आहे कीं घटते आहे हें दुसऱ्या कोणास विचारण्याची गरज पडणार नाहीं. यंदाच्या कापणीस प्रत्येकानें कडेची अकरा फूट जागा औषधावांचून राखावी आणि तींतल्या लोंब्या वेगळ्या काढून ठेवाव्या, एवढी आमची विनंति आहे.